न तरंगणारं तेल

९१ किलो ४००

"चप्पल काढ," आक्का म्हणाली.

"चपलेचं वजन ते किती, आक्का?"

"काढ म्हटलं ना. शर्ट काढ, पाकीट काढ. वांगी घेताना तू देठाचं वजन धरू देतोस, मी नाही धरू देणार."

लीलाधरनं निमूट शर्ट काढला आणि अंगणातल्या काट्यावर उभा राहिला. वांग्यांची पोती तोलायचा काटा तो. लाल आकडे थोडे पळाले आणि थांबले. आक्कानं पायरीवर बसल्या बसल्या ते वाचले आणि मला म्हणाली, "लिही." मी कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलं.

"एवढा वाढलास कधी रे तू?"

"तूच वाढवलंस."

"मी दहावीपर्यंत. पुढचं हिला विचार."

हिला म्हणजे मला. मी हर्षदा, लीलाधरची बायको. आक्का त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ती पंधरा. न्हाऊ घालण्यापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापर्यंत सगळं तिनं केलं. स्वतःचं लग्नसुद्धा भुसावळातल्याच भंगाळ्यांच्या घरात केलं, कारण ते घर तीन गल्ल्या सोडून होतं आणि लीलाधरला शाळेतून परस्पर तिथं जेवायला जाता यायचं. स्थळं याहून चांगली आली होती असं म्हणतात. तिला मूल झालं नाही.

त्या वर्षी तिचं यकृत निकामी होत आलं होतं. दारूचा संबंध नाही. शरीरच आपल्या यकृतावर उलटलं होतं. डोळे पिवळे, पाय सुजलेले, हात खाजवून खाजवून सोलवटलेले. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, घरच्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायला हवा. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा, रक्तगट जुळला नाही. लीलाधरचा जुळला. मग त्याचा स्कॅन काढला.

"यात तीस टक्के चरबी आहे," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले. "असं यकृत त्यांना चालणार नाही आणि तुम्हालाही कापून झेपणार नाही. दहाच्या खाली आणा."

"कसं आणू?"

"बारीक व्हा. नऊ आठवडे आहेत. त्यापुढं यांच्याकडे वेळ नाही."

आता लीलाधरचा धंदा सांगायला हवा. तो भरिताचा आचारी. थंडी पडली की आमच्याकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात, आणि ते नऊ आठवडे म्हणजे ऐन हंगाम. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर पोतंभर वांगी भाजायची, लाकडी भांड्यात मिरची-लसणासोबत ठेचायची, आणि मग तेल. भरीत आमच्याकडे जिभेच्या आधी डोळ्यांनी पास होतं. पानावर वाढलं की कडेनं तेल सुटलं पाहिजे. लग्न नवीन असताना मी विचारलं होतं, तेल किती घालायचं हे कसं ठरवता? तो म्हणाला होता, "तरंगेपर्यंत." त्याच्या लेखी जे तरंगत नाही ते तेलच नव्हे.

आहाराचा छापील कागद माझ्याकडे आला. आक्का म्हणाली, "हिच्या हाती दिला ना, मग होतोच बारीक. हिच्या हातचं दुसऱ्यांदा कोण मागतं?"

मी पुण्यात वाढलेली. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षांत माझ्या एकाही भाजीला आक्कानं नाव ठेवलं नाही असं झालं नव्हतं.


८९ किलो ७००

"कोण गेलं?" ताटाकडे बघून लीलाधरनं विचारलं.

"कोण जाणार?"

"असं जेवण सुतकात असतं. म्हटलं, मला कळवलं नाही की काय."

आमच्या मुली, दुर्वा आणि धाकटी, फिदीफिदी हसल्या. ताटात उकडलेला दुधी होता, उकडलेले मूग होते आणि एक कोरडी भाकरी. कागदात होतं तसंच. दोन आठवडे तो हे खाली मान घालून गिळत होता आणि काटा उतरत होता.

पंधराव्या दिवशी तो ऑर्डर करून दुपारी घरी आला तो आत आलाच नाही. पायरीवर बसून राहिला. अंगाला धुराचा वास.

"दोन पुऱ्या खाल्ल्या," तो म्हणाला.

"बरं."

"भरिताबरोबर."

"बरं. उद्या जास्त चाला."

"भूक नाही गं लागत. भूक सोसवते. पण जिभेला वाटतं, आपण मेलो." काजळीच्या हातानं त्यानं नाक पुसलं आणि तोंडभर काळं केलं. "आक्कासाठी करू राहिलो आणि तरी हात जातो. कसा आहे मी?"

मी ओला पंचा दिला. म्हटलं, "बाहेर एक घास खायचा नाही. घरी चव मी आणते."

"तू?"

"मी."

त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. हसला नाही, हे त्याचे उपकार.


कृती

दोन कांदे सालीसकट जाळावर काळे होईपर्यंत भाजावेत. लसणाचा अख्खा गड्डा निखाऱ्यात पुरावा. एक टोमॅटो, तीन हिरव्या मिरच्या, तशाच. साल काढून सगळं मिक्सरमधून बारीक फिरवावं. पातेल्यात पाण्याच्या हबक्यावर परतावं, चिकटू लागलं की चमचाभर पाणी. मग त्यात गिलकी, दुधी, मेथी, मूग, जे कागदात असेल ते. मीठ बेताचं. वरून कोथिंबीर.

तेल: नाही.

लीलाधरनं पहिल्या दिवशी वाटी तिरकी करून उजेडात धरली. रश्श्याच्या पृष्ठभागावर एक टिपका नव्हता.

"तेल नाही यात?"

"दिसतंय का?"

"मग चव कुठून आली?"

"भाजण्यातून."

त्यानं वाटी बोटानं पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्याच्या आहारतज्ज्ञ बाईंना आपणहून फोन लावून सांगितलं, आणि त्यांनी कृती मागून घेतली. शेजारच्या झोपेकाकू वही घेऊन आल्या. भरिताच्या जाळावर बसणारा माणूस, पुऱ्यांच्या घमेल्यापाशी उभा राहून घरच्या गिलक्याची आठवण काढतो, हे गावभर झालं.


८९ किलो ३००

त्यानं पाकीट काढलं होतं की नाही ते मी दोनदा विचारलं.


८९ किलो ३००

पुढचा आठवडा. तोच आकडा.

तो पहाटे सहा किलोमीटर चालायचा, आता नऊ चालू लागला. भाकरी अर्धी केली. काटाच बिघडला असेल म्हणून त्यावर पाच किलोचं वजन ठेवून पाहिलं, काट्यानं बरोबर पाच किलो दाखवले. आहारतज्ज्ञ बाई फोनवर म्हणाल्या, कधी कधी शरीर अडून बसतं, धीर धरा.

"चार आठवडे गेले," लीलाधर म्हणाला. "माझं शरीर अडून बसलंय, हे आक्काला कसं सांगू?"

मी मेथी निवडत होते. मी वर पाहिलं नाही.


ताट

चौथ्या आठवड्याच्या शेवटी आक्का आमच्याकडेच राहायला आली. दाजी रेल्वेच्या शेडमध्ये कामाला, आणि तिला आता घरी एकटीला ठेवण्यासारखं नव्हतं. तिचं जेवण वेगळं, अळणी.

दुसऱ्याच दिवशी, लीलाधर जेवून कामावर गेला आणि मुली शाळेत, तेव्हा ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली.

"त्याच्यातलं घासभर दे."

"मीठ आहे त्यात."

"घासानं नाही मरत मी. दे."

मी बोटावर घेऊन दिलं. तिनं जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"छान झालंय," ती म्हणाली.

बारा वर्षांत पहिल्यांदा. मी काही बोलायच्या आत तिनं लीलाधरची रिकामी वाटी उचलली, मोरीत नेली आणि साबण न लावता तिच्यावर नळ सोडला. मग वाटी तिरकी धरली.

"इकडे ये. पाणी बघ."

पाणी वाटीला धरत नव्हतं. थेंब थेंब होऊन घरंगळत होतं, अळूच्या पानावरून घरंगळावं तसं.

"दीड चमचा?" तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "दोन," मी म्हटलं. "एका वेळेला."

"शेंगदाण्याचं?"

"हो."

"वाटणात घालून फिरवलंस."

"हो."

"म्हणून वर नाही आलं." ती ओट्याला टेकली. "शिकलीस की गं."


कृती, दुरुस्त

"तेल: नाही" हे खोडावं. तेल दोन चमचे, मिक्सरच्या भांड्यातच, कांदा गरम असताना. असं फिरवलं की तेल कांद्यात जिरतं आणि जन्मात वर येत नाही. रस्सा फक्त दाट लागतो. मेथी असेल तर वाटीभर शेंगदाण्याचं कूटही.

पहिल्या दिवशी मी खरंच चवीसाठी घातलं होतं. अर्धा चमचा. पायरीवरचं त्याचं काळं तोंड डोळ्यांपुढून जात नव्हतं. त्यानं वाटी बोटानं पुसून खाल्ली. आठवड्यानं काटा जेमतेम हलला, आणि माझ्या हातात काय आहे ते मला कळलं. मग मी अर्ध्याचा एक केला. मग दोन.

पुण्यात समुपदेशक बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की देणाऱ्याच्या जिवाला धोका फार कमी असतो, दोनशेत एखादा. त्या "एखादा" म्हणाल्या तेव्हा लीलाधर फॉर्मवर स्वतःचं नाव लिहीत होता. दुर्वा तेव्हा नऊ वर्षांची, धाकटी पाच. नको म्हणायचं कुणाला? ज्या बाईनं त्याला वाढवलं तिच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघून? तोंडानं म्हणवेना, म्हणून मी चमच्यानं म्हणत होते.

झोपेकाकूंनी ती कृती मनापासून केली आणि त्यांच्याकडे कुणी खाल्ली नाही. त्यांना वाटलं, माझ्या हाताला गुण आहे.


ताट, पुढे

"रडू नको," आक्का म्हणाली. "मला मीठ चालत नाही."

मी मोरीपाशी खाली बसले होते. तीही हळूहळू, गुडघ्याला धरत, माझ्यासमोर पाटावर बसली.

"दोन चमच्यांनी भागायचं नाही," ती म्हणाली. "चार घाल. वरणात तूप घोटून घाल. घोटलेलं त्याला कळत नाही, त्याला वर तरंगताना दिसावं लागतं. नऊ आठवडे असेच जाऊ दे. मग डॉक्टरच नाही म्हणतील. कुणावर यायचं नाही. तुझ्यावर नाही, त्याच्यावर नाही."

मी पदरानं डोळे पुसले.

"आणि तुम्ही?"

"माझं काय? सत्तेचाळीस झाले. दाजी चार दिवस रडतील, पाचव्या दिवशी मॅच असेल." तिनं मनगट खाजवलं, खाजवू नको म्हणून सांगितलंय हे आठवून थांबली. "चार वर्षांचा होता तेव्हा हातात घेतला मी त्याला. झाडावरून पडू दिलं नाही, विहिरीत उतरू दिलं नाही. अंगावर एक टाका नाही त्याच्या, बघ तू. आता माझ्यापायी त्याला उभा चिरू देऊ? मला पचायचं नाही ते यकृत."

"पण आक्का—"

"तू दोन चमचे घातले, मी काही बोलले? मग मी सांगू राहिले चार, तर तू काबरं बोलते?"

मी उठून पातेली घासायला घेतली. माझ्या मनातलंच तर ती म्हणत होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.


८९ किलो ६००

दुसऱ्या दिवशी, आठवडा व्हायच्या आधीच, आक्कानं त्याला काट्यावर उभं केलं. काटा वर गेला तो एवढा एकदाच.

संध्याकाळी मी भाजलेले कांदे मिक्सरमध्ये टाकले आणि तेलाचा डबा उघडला. आता चोरून घालायचं नव्हतं, परवानगी होती. मी पहिला चमचा भरला.

पुढच्या खोलीत आक्का कॉटवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बोटांना भेगा, तरी सोलत होती, कारण त्याला उकडलेले दाणे आवडतात. लीलाधर कामावरून आला, हात धुतले आणि रोजच्यासारखा तिच्या पायांशी खाली बसला. तिचं पाऊल मांडीवर घेऊन अंगठ्यानं घोट्यावर दाबलं. सूज असली की खड्डा पडतो. तो खड्डा भरायला किती वेळ लागतो ते तो रोज मोजायचा.

"लवकर भरला आज," तो म्हणाला. कालच्याहून उशिरा भरला होता, मला दारातून दिसत होतं.

"असं?"

"हां. थोडी थांब, आक्का. मी येऊ राहिलो."

"ये बापा. सावकाश ये," आक्का म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी चमचा परत डब्यात रिकामा केला आणि डब्याचं झाकण लावलं.


त्यानंतर, घाईघाईत

त्या रात्रीचं जेवण त्यानं अर्धं सोडलं. "आज काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय?"

"सांगता येत नाही. भाजी गप्प आहे."

आक्का पलीकडे आपलं अळणी वरण चमच्यानं खात होती. "हात बसला नसेल आज," ती म्हणाली, आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

माझ्यापुढं आता दोन शत्रू होते. एक त्याची जीभ. तिला दोन आठवड्यांची चटक मीच लावली होती, आणि ती चटक मोडली की तो पुन्हा पुऱ्यांच्या घमेल्यापाशी जाणार होता. दुसरी आक्का.

जिभेचं आधी सांगते. मी परसात कपाशीच्या काड्या आणून टाकल्या आणि त्याच्या धंद्यातलं तेल वगळून बाकी सगळं चोरलं. कांदा, लसूण, टोमॅटो आता चुलीवर नाही, काड्यांच्या जाळावर. मिक्सर बंद, सगळं ठेचून. निखारा वाटीत ठेवून त्यावर तूप सोडून धुरी देतात ना, तशी मी नुसत्या जिऱ्याची आणि लसणाच्या सालीची दिली. चिंच थोडी. ओली हळद किसून. तरी काहीतरी कमी पडायचं. चव होती, पण ती तोंडात थांबत नव्हती. आठ दिवस मी रोज हरले. मग एका दुपारी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळताना बोट चाटलं आणि लक्षात आलं, तो तेल शोधत नाहीये. तो दाटपणा शोधतोय. मी उडदाची डाळ खरपूस भाजून दळली आणि चमचाभर पीठ आंबट ताकात कालवून रश्श्यात सोडलं. ताक लोणी काढलेलं.

त्यानं वाटी पुन्हा उजेडात धरली. सवयच ती.

"बोलली," तो म्हणाला.

आता आक्का. तिला दहा पावलं चालवत नव्हतं, पण मी अंघोळीला गेले की ती स्वयंपाकघरात पोचलेली असायची. तेलाचा डबा मी कपाटात साड्यांखाली ठेवून किल्ली कमरेला लावली. चौथ्या दिवशी दुर्वाच्या दप्तरातून तुपाची बरणी निघाली.

"आत्यानं आणायला सांगितली. कुणाला सांगू नको म्हणाली."

मी बरणी घेऊन आक्कासमोर गेले. "वरणात काय घातलंत सकाळी?"

"मी? मला उभं राहवत नाही."

"मग हे तूप चालत आलं?"

"तुझ्याच हातून पडलं असेल. तुला कुठं आठवतं तू काय काय घालते ते."

मी वरणाचं पातेलं झोपेकाकूंकडे देऊन आले आणि दुसरी डाळ शिजायला लावली. त्या वरणाचं त्यांच्याकडे फार कौतुक झालं.

"तू कबूल झाली होती," आक्का मागून म्हणाली.

"मी कुठं झाले? तुम्हीच बोलत होतात."

"पुण्याची ती पुण्याचीच."

"हो."

कुकरची शिटी झाली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याचं काही बरंवाईट झालं तर मला बोल लावू नको."

मी कुकर उतरवला.

"लावीन," मी म्हटलं. "तुम्ही जिवंत असाल ना, बोल लावून घ्यायला."

त्यानंतर तिनं तूप मागवलं नाही. पण ताटाजवळ येऊन बसायची, रोज त्याच्या वाटीतलं घासभर घ्यायची आणि मोरीत वाटीवर पाणी सोडून बघायची. पाणी पसरायचं. ती वाटी आपटून ठेवायची.

कॅलेंडर: ८८ किलो ५००. ८७ किलो ३००. ८६. ८५ किलो १००.


८४ किलो २००

नववा आठवडा. पॅन्टला सुतळी बांधून लीलाधर काट्यावरून उतरला आणि आम्ही चौघं, दाजी धरून, पुण्याला गेलो.

डॉक्टरांनी नवा स्कॅन जुन्याशेजारी लावला. "आठ टक्के."

"किती?"

"आठ."

"परत बघता का एकदा?"

त्यांनी परत बघितलं. आठच होते. "काय खात होतात?" त्यांनी विचारलं.

"ही घालेल ते," लीलाधर म्हणाला, आणि डॉक्टरांसमोर त्यानं माझा हात धरला. बारा वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा. तो हात मी काढून घेतला नाही, पण तो धरायला मी पात्र आहे असंही मला वाटलं नाही.

बाहेर बाकावर आक्का बसली होती. दाजींनी आकडा सांगितला. मी शेजारी बसले, तेव्हा ती पुढं भिंतीकडेच बघत म्हणाली, "घरी चल, मग बघते तुला."


शेवट आधी सांगते

ऑपरेशन अकरा तास चाललं. दोघं वाचले. लीलाधरच्या पोटावर आता भलामोठा व्रण आहे आणि थंडीत तो ओढल्यासारखा होतो. आक्का अठ्ठावन्नची आहे. तीन गल्ल्या सोडून राहते, रोज संध्याकाळी येते, माझं वरण कालच्यापेक्षा पातळ आहे असं सांगते आणि दोनदा घेते. डॉक्टर म्हणाले होते, यकृत पुन्हा वाढतं. लीलाधरचं पोटही वाढलं, पण थोडंच.

त्या दोन आठवड्यांत काटा का अडला होता, हे त्यानं पुढं दोन-तीनदा विचारलं. शरीराचं काही सांगता येत नाही, असं आक्कानंच प्रत्येक वेळी उत्तर दिलं. अकरा वर्षं आम्ही त्याला सांगितलेलं नव्हतं. आता सांगितलं.


वजन न करता

पण ऑपरेशनच्या आधी एक गोष्ट उरली होती. देणारा लग्न झालेला असेल तर त्याच्या बायकोला एकटीला बसवून विचारतात. दार बंद, समोर कॅमेरा, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की तिला माहीत नव्हतं किंवा तिच्याकडून जबरदस्तीनं लिहून घेतलं.

बाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. सुती साडी, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी कॅमेऱ्याचा दिवा लागला का ते पाहिलं आणि छापील कागदावरून एकेक विचारू लागल्या. नाव. वय. नात्यानं तुम्ही कोण. तुमचे पती यकृताचा किती भाग देणार आहेत, माहीत आहे का? माहीत आहे. त्यात त्यांच्या जिवाला धोका आहे, हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलं आहे का?

"दोनशेत एखादा," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. मग मान वर करून, कागदाकडे न बघता विचारलं. हा प्रश्न त्यांना पाठच असणार.

"ताई, नीट आठवून सांगा. याबाबत तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? सासरचा, नातेवाइकांचा, कुणाचाही?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी खुर्ची थोडी पुढं घेतली, आवाज खाली आणला. "घाबरू नका. इथलं बाहेर जात नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही वैद्यकीय कारण सांगून थांबवू, तुमचं नाव येणार नाही. कुणाचा दबाव आहे?"

"पेशंटचा."

"पेशंट काय म्हणतात?"

"सही करू नको म्हणतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. काचेच्या दारापलीकडे बाकावर आक्का दिसत होती, दाजींच्या खांद्याला टेकलेली, डोळे मिटून. शेजारी लीलाधर तिचं पाऊल मांडीवर घेऊन बसला होता.

"किती दिवसांपासून?" बाईंनी विचारलं.

"पाच आठवडे. रोज."

"मग?"

"मग काय," मी म्हटलं, "सही कुठं करायची ते दाखवा."